साखळीच्या शेवटची होडी

हात मी सोडला होता. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणात नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, तर नाहीच नाही. लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की आधी ऋतूबद्दल लिहावं, पाण्याबद्दल, पक्ष्यांबद्दल, आणि मग मधेच कुठेतरी हे वाक्य सरकवून द्यावं. पण तसं केलं असतं तर ते पुन्हा लपलं असतं. लपवण्याची मला सवय आहे. म्हणून आधीच लिहून टाकलं.

आता ऋतू.

चंदीगडला ऑक्टोबर वासानं येतो. सप्तपर्णी फुलते आणि संध्याकाळ झाली की सगळ्या सेक्टरांतून तो गोड, जड, डोक्यात चढणारा वास फिरू लागतो. काहींना तो आवडतो. माझ्या बायकोला त्यानं शिंका येतात. मला त्यानं बसवत नाही. जेवताना उठतो, बातम्या लागल्या की उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. "पायाला भोवरा लागलाय का?" बायको विचारते. मी म्हणतो, हवा बदलली. हवा बदललेली असतेच. सकाळी हलका स्वेटर लागतो, शिवालिकच्या टेकड्या अचानक जवळ आल्यासारख्या स्वच्छ दिसतात, मग पंधरवड्यात शेतांमधला धूर येऊन त्यांना पुसून टाकतो. आणि सुखना तलावावर पक्षी उतरू लागतात.

मी शेजारच्या पंचकुलाच्या घरून गाडी काढून सकाळी सुखनावर फिरायला जातो. ऑफिसातले ग्रेवाल साहेबही येतात. दरवर्षी त्यांचा एकच विनोद. "साब जी, समुंदर वाले होके झील के चक्कर काट रहे हो! बंदा पहाड़ से समुंदर जाता है, आप उल्टे आए।" मी हसतो. उलटा आलो हे खरंच आहे. बदलीच्या अर्जात पसंतीची तीन ठिकाणं लिहायची होती, तेव्हा मी नकाशा समोर धरला आणि किनाऱ्यापासून लांबची तीन गावं निवडली. तब्येतीला कोरडी हवा मानवते, असं घरी सांगितलं.

कोकणात हाच ऋतू वेगळा येतो. तिथं तो आवाजानं येतो, खरं तर आवाज थांबल्यानं. पावसाळाभर समुद्राची गाज घरात असते, ती इतकी की माणसं मोठ्यानं बोलतात आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळतही नाही. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी ती गाज नसते. आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. बाहेर जाऊन बघावं तर समुद्र ताटात घातलेल्या पेजेसारखा. देवगडच्या खाली, खडकाळ किनाऱ्यावर आमचं गाव आहे. ज्या वर्षी हात सोडला त्या वर्षी मी लांबलचक आजारातून उठलो होतो, बिनपगारी रजेवर होतो, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की माणसांत राहा, उन्हात बसा. म्हणून गावी गेलो. आणि ज्या दिवशी गाज थांबली त्या दिवशी नंदानं तिच्या नारिंगी कयाक आंब्याखालून ओढत वाळूवर आणल्या.

कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. एकजण किंवा दोघं बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतात. इंजिन नाही, म्हणून आवाज नाही, म्हणून समुद्रातली जनावरं पळत नाहीत. नंदा हे कुठल्याशा शिबिरात शिकून आली होती. आमच्या घरातली ती अशी पहिलीच बाई, जिनं समुद्राकडे मासळी आणि भीती सोडून तिसऱ्या कशासाठी पाहिलं. पुण्याबेळगावकडून माणसं यायची. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून पाठीवर यायचा तेव्हा ती त्यांना घेऊन निघायची आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत परत आणायची. डॉल्फिन बहुतेक रोज दिसायचे. खडकाच्या टोकावर समुद्री गरुडाचं घरटं होतं, काटक्यांचा नुसता ढीग. मादी त्यातून मान काढून आमच्याकडे खाली बघायची. कधी एखादं कासव डोकं वर काढून, म्हातारा खिडकीतून डोकावतो तसं डोकावून, नापसंतीनं आत जायचं. आणि देवमासा. देवमासा नशिबाचा. नंदा कुणालाही त्याचं वचन द्यायची नाही. "दिसलो तर दिसलो," म्हणायची, "तो आमचो नोकर नाय."

तिचा एक नियम होता, साखळीचा. समुद्रात मोठं जनावर जवळ आलं की सगळ्या कयाक एकमेकींना लागून आडव्या लावायच्या, प्रत्येकानं दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या शेजाऱ्याच्या होडीची कडेची दोरी धरायची, वल्ही मांडीवर. सुटी होडी वाऱ्यानं, लाटेनं जनावराच्या वाटेत जाऊ शकते, उलटू शकते. सगळ्या मिळून मात्र एक रुंद, ढिम्म तराफा होतो. आणि नंदानं "सोडा" म्हटल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. पाण्यात उतरण्याआधी ती वाळूवरच सगळ्यांना कयाकमध्ये बसवून हे करून घ्यायची. भर उन्हात, कोरड्या वाळूवर, लाइफजॅकेट घातलेली मोठमोठी माणसं एकमेकांच्या होड्या धरून बसलेली. येणारी जाणारी कोळीणसुद्धा टोपली खाली ठेवून हसायची. "गे नंदा, खय निघालंस, पंढरपुराक?"

"हसा हसा," नंदा म्हणायची. "नाक खाजलं तरी हात सोडायचा नाही. खाजू दे. मी सांगेन तेव्हा खाजवा."

मी सगळ्यांत शेवटी असायचो. म्हणजे शेवटच्या होडीत. तिला कुणीतरी भरवशाचा माणूस मागे हवा होता, दमलेल्यांना, मागे पडलेल्यांना बघायला. शेवटच्या होडीतल्या माणसानं माणसं बघायची असतात, समुद्र नाही. हे काम मला आवडलं. निदान पहिला महिनाभर आवडलं. मग हळूहळू एक गोष्ट आत टोचू लागली. पुढे "तो बघा, तो बघा" व्हायचं, सगळी डोकी एकीकडे वळायची, आणि मी तिथं पोचेपर्यंत पाणी सपाट झालेलं असायचं. परत आल्यावर सगळे वाळूवर बसून चहा पीत एकमेकांना सांगायचे, कुणाला काय दिसलं. मी फक्त माणसांच्या पाठी, लाइफजॅकेटं आणि टोप्या पाहिलेल्या असायच्या. एकदा बेळगावच्या एका आजोबांनी मला विचारलं, "तुम्ही तर रोज जाता, किती देवमासे पाहिलेत?" मी म्हणालो, "बरेच." एकही नव्हता पाहिला.

हे सगळं मी का सांगतोय? कारण भीतीनं हात सोडला असता तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. भीतीला माणसं माफ करतात. मी हावरेपणानं सोडला.

थंडी संपत आली होती. पाणी काळसर हिरवं आणि गुळगुळीत. नंदानं दुरूनच श्वास ऐकला. श्वास, हो, देवमासा आधी ऐकूच येतो. प्रेशर कुकरची शिट्टी थोडी सैल करावी तसा. तिनं वल्हं आडवं धरलं आणि आम्ही साखळी केली. त्या दिवशी चारच होड्या होत्या. तिच्या एका बाजूला पुण्याचं एक जोडपं, बाई आणि नवरा वेगवेगळ्या होड्यांत, बाई नंदाला लागून. दुसऱ्या बाजूला, साखळीच्या खोल समुद्राकडच्या टोकाला, मी. माझ्यापलीकडे कुणी नव्हतं. नंदा त्या बाईकडे वळून हळू आवाजात सांगत होती, घाबरू नका, श्वास घ्या, माझी होडी घट्ट धरा. आणि तो माझ्या बाजूला वर आला.

पाठ. नुसती पाठ. ओला काळा खडक वर यावा आणि संपूच नये. मग फवारा, आणि त्याचा वास, कुजलेल्या मासळीचा, गरम, अंगावर येणारा. तो वास माझ्या तोंडावर पडला आणि मी नंदाच्या होडीची दोरी सोडली. वल्हं उचललं. तिचा हात माझ्या होडीच्या दोरीवर होता, तो मला दिसत होता. तिच्या बोटात चांदीची अंगठी होती, तीही दिसत होती. मी वल्हं पाण्यात घातलं आणि जोर लावला. एक ओढ बसली, मग सुटली. मी त्याच्याकडे गेलो. बहुधा चारदोन वेळाच वल्हं मारलं असेल. तो माझ्याकडे न बघता खाली गेला. खाली गेल्यावर पाण्यावर तेल सांडल्यासारखा एक गोल सपाट तुकडा राहतो, त्यात मी एकटा होतो. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतर झालेला नाही. हेही कबूल करायला हवं.

मग मागे किंकाळी.

माझ्या ओढीनं नंदाची होडी फिरली होती. तोल सावरायला तिला दुसरा हात सोडावा लागला, त्या बाईच्या होडीचा. होडीवर होडी आदळली आणि ती बाई उलटली. नंदानं क्षणात पाण्यात उडी घेतली, तिला वर काढलं, तिच्याच होडीवर पालथं घातलं. बाईचं मनगट मोडलं होतं, नाकातोंडात पाणी गेलं होतं, ती थरथरत होती. पण ती वाचली. हे नंदामुळे.

किनाऱ्यावर माणसं जमली. नवरा ओरडत होता, "लीडरनंच साखळी सोडली! मी बघितलंय, हिनंच हात काढला!" त्यानं खरंच तेवढंच पाहिलं होतं. नंदा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी होती, ओठ निळे. तिलाही तेवढंच आठवत होतं की आपण हात सोडला. आधी बसलेली ओढ तिला लाटेची वाटली असणार. तिनं माझ्याकडे बघितलं. आरोप करणारी नजर नव्हती ती, ती मला विचारत होती. गावातल्या एकानं मलाच विचारलं, "काय झाला रे?"

मी म्हणालो, "लाट आली. नंदाचो हात सुटलो."

एवढंच. वाक्य साधं आहे, बोलायला काहीच वेळ लागत नाही. तिचं नाव घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाच्या हातात दर्यो दिल्यार ह्याच होतला." त्यावर हसणारे हसले, मान हलवणाऱ्यांनी हलवली. नंदा कयाक वाळूवरून ओढू लागली. कयाक आंब्याखाली पालथ्या झाल्या आणि तिथंच राहिल्या. आई त्यांच्यावर मिरच्या वाळत घालायची.

मी परत नोकरीवर रुजू झालो. नंदानं पुढे घराला लागून न्याहारीची सोय काढली, पर्यटकांना पोहे, घावणे. लग्न झालेलं होतंच, तिची मुलगी सायली लहान होती. तिला पोहायलासुद्धा शिकवलं नाही. समुद्राकडे तोंड करून असलेली खिडकी तिनं कपाट लावून बंद केली, हे मला बायकोनं गावाहून आल्यावर सांगितलं. सांगताना म्हणाली, "वेडीच आहे तुमची बहीण, एवढा सुंदर व्ह्यू." मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

आणि आता सायली इथं आहे. मोहालीला कंपनीत लागली, सेक्टर बावीसमध्ये एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्यानं राहते, बसस्टँडच्या गोंगाटात. मुलगी मोकळी आहे, दुकानदारांशी पंजाबीत भांडते, महिन्याभरात तिनं "हांजी, हांजी" म्हणायला सुरुवात केली. रविवारी तिला सुखनावर नेलं तर म्हणाली, "मामा, बोटीत बसू या." बदकाच्या तोंडाची पायडलची बोट. तिच्यात बसल्यावर माझे गुडघे पोटाशी आले.

"मामा, पायडल मार ना, मी एकटीच मारतेय."

"मारतोय."

"गोल फिरतोय आपण! तू कोकणातला ना पक्का? लोक बघतायत यार."

पलीकडे रोइंगचा कोच सायकलवरून काठाकाठानं चालला होता आणि पाण्यातल्या मुलांवर ओरडत होता, "ओए, सारे कट्ठे! इक वी छड्डेया ना, सारी किश्ती गई!" सगळे एकत्र, एकानं जरी सोडलं तरी सगळी होडी गेली, असं तो बजावत होता. सायली हसली, म्हणाली, आईसारखाच ओरडतोय. मग गंभीर झाली. म्हणाली की गावातल्या काही पोरांनी मिळून पुन्हा कयाकच्या सफरी सुरू करायचं ठरवलंय. परवाने वगैरे सगळं रीतसर. त्यांना शिकवायला आणि पुढे राहायला माणूस हवाय, आणि त्यांना आईच हवी आहे. आईनं नाही म्हटलंय. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणालेत, नंतर मालवणहून कुणाला तरी आणतील.

"का नाही म्हणते?" मी विचारलं. मला माहीत असताना विचारलं.

"म्हणते, जिचा हात सुटला तिच्या हातात कुणी लोकांचे जीव देतं का." सायली पायडल मारायची थांबली. "मामा, ती अजून रात्री झोपेत मूठ आवळते. बाबा सांगतात. तू बोल ना तिच्याशी. तू होतास तिथं. तुझं ऐकेल ती."

बोट आपोआप गोल फिरत राहिली. पाणकावळे काठावरच्या वाळलेल्या फांद्यांवर पंख पसरून बसले होते. मी म्हणालो, बोलतो.

आणि बोललो. अर्धं बोललो. फोनवर नंदाचा आवाज आला, मागे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"दादा, जेवलंस?"

"जेवलो. नंदे, ऐक. त्या दिवशी, ती पुण्याची बाई उलटली त्या दिवशी, चूक तुझी नव्हती."

चुरचुर थांबली. तिनं गॅस बंद केला असावा.

"ह्या चेडवान तुका सांगल्यान मां, बोल म्हणान?"

"सायलीचं सोड. मी सांगतोय. मी बाजूला होतो ना तुझ्या. चूक तुझी नव्हती."

आता विचारेल, मला वाटलं. मग कुणाची होती, असं विचारेल, आणि मग मला सांगावंच लागेल. मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो. सप्तपर्णीचा वास खिडकीतून आत येत होता.

तिनं विचारलं नाही. ती रडत होती, आणि रडता रडता हसत होती.

"तू मोठो भाव. तू असाच बोलतलंस, माका म्हायत आसा. तेव्हापण तू माझ्यावर एक शब्द रागावलंस नाय. सगळो गाव बोललो, तू लाट म्हणालंस. तुझ्यासारखो भाव मेळाचो नाय, दादा."

मी "हं" म्हणालो. मग तिनं घावणे करपतील म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून माझं काही ठीक नाही. आधी निदान नुसतं गप्प बसणं होतं. आता त्या गप्प बसण्याबद्दल मला प्रेम मिळालंय. मी खोटं बोललो ते तिनं इतकी वर्षं माझा चांगुलपणा म्हणून जपून ठेवलं होतं. तिच्यावरचा आळ मी लाटेवर ढकलून सौम्य केला, असं तिनं मानलं होतं. म्हणजे तिनं हरलेल्या सगळ्या हंगामांत तिला एक गोष्ट आधाराला होती, आणि ती मी होतो. खरं सांगितलं तर समुद्र तिला परत मिळेल आणि भाऊ जाईल. हा हिशेब मी सुखनाच्या काठावर फिरताना रोज मांडतो, आणि रोज पाहतो की त्यात मी स्वतःला तिच्यासाठी केवढं मोलाचं धरतो आहे. गप्प राहायला आणखी एक सबब, एवढंच ते. चांगल्या सबबी मला नेहमी सापडतात.

सायलीनं परवा विचारलं, "बोललास?" मी म्हणालो, "बोललो." ती आनंदून म्हणाली, "मग? हो म्हणाली?" तिथं सेक्टर बावीसच्या फुटपाथवर, छोले कुलच्यांच्या गाडीसमोर, हातात द्रोण घेऊन ती उभी होती आणि तिचा चेहरा इतका नंदासारखा दिसत होता, ती वाळूवर बसून माणसांना होड्या धरायला शिकवायची तेव्हाच्या नंदासारखा, की मी बिल द्यायच्या निमित्तानं वळलो.

दिवाळी जवळ आली आहे. सेक्टरांत झगमगत्या माळा लागल्या. ग्रेवाल साहेब मिठाईचे डबे वाटत फिरतायत. सुखनावर रोज नवे पक्षी, सायबेरियाकडून आलेले, दमून पाण्यावर नुसते बसून राहिलेले. मी आज गाडीचं तिकीट काढलं आहे. तिकीट काढणं सोपं होतं; असली तिकिटं मी पूर्वीही काढली आणि रद्द केली आहेत, हेही लिहून ठेवतो.

नंदाला मी काय देणं लागतो, ते आता मला स्पष्ट माहीत आहे. फोनवर, तिच्या एकटीच्या कानात, सांगून ते फिटणार नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर ज्यांनी माझं ऐकलं त्यांतले जे कोणी आहेत त्यांच्यासमोर, दिवसाउजेडी, तिच्या देखत उभं राहून, जिथं मी तिचं नाव घेतलं होतं तिथं मला माझं नाव घ्यायचं आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, हा तिचा प्रश्न. हे मी अजून केलेलं नाही.